भारी आणि छान, दोन्ही चपलांपाशी

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी बराच वेळ ढ दिसणार आहे.

गाव देवळ्याकडचं. घरातले सगळे कांदा पिकवणारे. गावातली शाळा सातवीला संपायची, म्हणून आठवीला मला नाशिकला मावशीकडे ठेवलं. काका सातपूरच्या कारखान्यात कामाला, घर दोन खोल्यांचं. नाना, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले तेव्हा मावशीला म्हणाले, "एक साल बघू. जमनं तं ठीक, नई तं कांदा शे आपला." म्हणजे जमलं तर जमलं, नाहीतर पोरगी परत कांद्यात. त्यात राग नव्हता, धमकीही नव्हती. आमच्याकडे बियाणंसुद्धा असंच एक वर्ष लावून बघतात.

मला परत जायचं नव्हतं. पण ते कुणाला सांगायला तोंडात शब्दच नव्हते. आमच्या घरात सगळ्या जगाला एकच विशेषण पुरायचं, भारी. गूळ भारी, ऊन भारी, बैल तर भलता भारी. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या बाईंनी मला उभं करून विचारलं, "तुझं गाव कसं आहे?"

"भलतं भारी शे."

वर्ग खदखदला. मागून एकीने विचारलं, "आणि तिथली माणसं?" दुसरीने माझ्या वतीने उत्तर देऊन टाकलं, "तीबी भलती भारी शेत!"

बाई रागावल्या नाहीत. मागून माणसांबद्दल ज्या मुलीने विचारलं होतं तिलाच त्यांनी उभं केलं. "तुझं घर कसं आहे?"

"छान आहे, बाई."

"आई?"

"छान."

"परवा गोदावरीला पाणी आलं, पायऱ्या बुडाल्या. पाहायला गेली होतीस ना? कसं होतं?"

"छान होतं," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं.

"हिचं भारी आणि तुमचं छान," बाई म्हणाल्या, "दोन्ही उद्यापासून वर्गाबाहेर, चपलांपाशी. घरी जाताना घालून जा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीनच पद्धत सुरू केली. फळ्यावर एक विशेषण लिहायच्या. आम्ही त्याच्या जवळचा दुसरा शब्द घेऊन यायचा. पण शब्द एकटा आणायचा नाही, तो जिला शोभेल अशी घरची एखादी वस्तू किंवा माणूस बरोबर आणायचं. 'मऊ' लिहिलं की कुणी म्हणायचं, आजीची लुसलुशीत पोळी. 'थंड' लिहिलं की, माठातलं गार पाणी. नुसता शब्द आणला की बाई म्हणायच्या, "हा कुणाचा? बेवारस दिसतोय." आणि खाली बसवायच्या.

हे सगळं कशासाठी, तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. स्नेहसंमेलनात एका मुलीला पाच मिनिटं बोलायचं होतं, विषय 'माझं गाव'. अट एकच, कुठलंही विशेषण दोनदा यायचं नाही. मी मनात धरलं, हे भाषण आपलं. संमेलनाला पालक येतात. नाना येतील. त्यांना प्रगतिपुस्तक वाचता येत नव्हतं, पण कान होते.

मग मी वर्गमैत्रिणीकडून गाईड मागून आणलं आणि समानार्थी शब्दांची पानं पाठ करायला घेतली. मोठा, विशाल, भव्य, प्रचंड, अवाढव्य. स्वयंपाकघरात उभी राहून पाढ्यासारखी म्हणायची. फळ्यावर 'मोठा' आलं त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"माझी मावशी अवाढव्य आहे."

ती बातमी माझ्याआधी घरी पोचली. आमच्याच कॉलनीतली एक मुलगी वर्गात होती. दारातच मावशी पोळपाट घेऊन उभी. "काय गं, मी अवाढव्य? तुझ्यासाठी सकाळी उठून डबा करते ती मी अवाढव्य?"

"मावशी, मला मोठ्या मनाची म्हणायचं होतं."

"मग मन म्हणायचं! सगळी मावशी कशाला घेतलीस?"

काका पेपरामागून म्हणाले, "शिकतेय पोरगी, शिकू दे. शब्द बरोबर सापडायला लागलेत."

"तुम्ही गप्प बसा!"

त्या रात्री मला भाजी कमी वाढली असं मी अजून म्हणते आणि मावशी अजून नाही म्हणते.

चूक कुठे झाली ते मला वर्गात कळलं नाही. गाईडात ते शब्द एका ओळीत होते, म्हणजे सगळे सारखेच ना? दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. साठवणीच्या चाळीतला उरलासुरला उन्हाळी कांदा बाहेर काढला होता, आणि अंगणात बायका निवडायला बसल्या होत्या. मीही आईशेजारी बसले. मोठा एकीकडे, गोलटी, म्हणजे बारीक, दुसरीकडे, खराब तिसरीकडे. हे काम मी चालायला लागल्यापासून केलेलं. तरी शहरात राहून हात विसरला होता. जोड कांदा आला, एका सालीत दोन वाढलेले. आकार बघून मी तो चांगल्या मोठ्यांत फेकला. आईने तो तसाच उचलून बाहेर काढला. "मोठा दिसना म्हनजे झाये का? हातमा ली पहाय ना आधी."

मोठा दिसला म्हणजे झालं का, आधी हातात घेऊन बघ. मी तसाच तो जोड हातात धरून बसले. मला एकदम मावशी आठवली, तिच्यावरही शब्द मी असाच नुसता बघून फेकला होता, आणि मला इतकं हसू फुटलं की शेजारची बाई आईला म्हणाली, "तुमची पोर शहरात जाऊन बावचळली वाटतं."

सुट्टी संपेपर्यंत मी तेच केलं. शब्द पाठ करणं सोडलं. एकेक शब्द घ्यायचा आणि गावातल्या वस्तूंवर ठेवून मोठ्याने म्हणून बघायचा. भव्य विहीर? नाही. खोल, अंधारी विहीर. हं. विशाल खळं? छे. ऐसपैस खळं. बसला. कोवळी पात, झणझणीत ठेचा, भुसभुशीत माती, चिवट बाभूळ. मला वाटत होतं माझ्याकडे शब्द नाहीत. अर्धेअधिक तर आमच्याच अंगणात पडलेले होते. बाकीचे बाईंकडून आणि पुस्तकांतून घेतले, पण तेही हातात घेऊन पाहिल्याशिवाय राशीत टाकले नाहीत.

भाषण मला मिळालं. 'छान'वाली मुलगी माझी मैत्रीण झाली होती. ती मधल्या सुट्टीत समोर बसायची, मी बोलायची, आणि विशेषण दुसऱ्यांदा आलं की ती चिंचोका फेकून मारायची. संमेलन जवळ आलं तेव्हा चिंचोके बंद झाले.

नाना आले. धुवट धोतर, डोक्याला पागोटं, मावशीकाकांच्या शेजारी अंग चोरून बसलेले. मी सुरू केलं. विहीर झाली, खळं झालं, बाभूळ झाली. रस्त्याबद्दल सांगताना तोंडातून 'खरखरीत' गेलं. तो शब्द मी शेवटासाठी राखून ठेवला होता, नानांच्या हातांसाठी. रस्त्यासाठी 'खडबडीत' ठरला होता. घोटाळा झाला होता.

शेवटचं वाक्य आलं. "आणि या गावात माझ्या वडिलांचे..." मी थांबले. मैत्रीण पहिल्या रांगेत डोळे फाडून बघत होती. 'खडबडीत' शिल्लक होता, पण तो रस्त्याचा, हातांना बसेना. 'राठ' होता, पण नाना समोर बसलेले, त्यांना राठ कसं म्हणू? मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. याच हातांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं होतं, पोटाखाली धरून.

"...माझ्या वडिलांचे भरवशाचे हात आहेत."

टाळ्या पडल्या. बाई पडद्याआड उभ्या होत्या. मी आत आले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शेवटचा गाईडात नाही सापडायचा." त्या एका वाक्यावर मी पुढे बी.ए. मराठी केलं, असं म्हटलं तरी चालेल.

नानांचं मला मावशीने सांगितलं. टाळ्या चालू असताना ते शेजारच्या अनोळखी गृहस्थांकडे वळले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनी पोर शे ती." माझी पोर आहे ती. गृहस्थ म्हणाले, "हो का, वा." नानांना ते पुरेसं वाटलं नसावं. पलीकडच्या बाजूच्या गृहस्थांनाही त्यांनी तेच सांगितलं.

संध्याकाळी आम्ही सगळे त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. नाना काय ठरवतात याची मी वाट बघत होते. वर्ष अजून संपलं नव्हतं, पण नाना पुन्हा येणार होते ते थेट उन्हाळ्यात, मला न्यायला किंवा नुसतं भेटायला. देवळ्याची गाडी लागली तेव्हा त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि मावशीला म्हणाले, "पुढला सालबी आठेच ठेव हिले." पुढच्या वर्षीही इथेच.

"आणि त्याच्या पुढचं?" मावशीने विचारलं.

"जठलोंग शिकी तठलोंग." जिथवर शिकेल तिथवर.

मी वाकून त्यांच्या पाया पडले. एवढे शब्द गोळा केलेले, एकही कामाला आला नाही.

नाना दोन पावलं गेले आणि परत वळले. "काय वं, ते अवाढव्य म्हणजे काय? मावशी सांगत होती."

"खूप मोठं, नाना. उगाच मोठं. बघून दडपायला होतं असं."

त्यांनी एकदा मावशीकडे पाहिलं. मग शहाणपणाने गाडीच्या दाराकडे पाहिलं. तिथे टोपल्या, बोचकी, माणसं एकमेकांवर चढत होती.

"गर्दी अवाढव्य शे," नाना म्हणाले, आणि पागोटं सावरून तिच्यात घुसले.