पायऱ्या त्याच

"हिरो रडतोय तर रडू दे. तू जिना बघ." जिनाबाईंच्या शेजारी मी पहिल्यांदा सिनेमा बघायला बसले, तेव्हा त्यांनी मला असं दटावलं. पडद्यावर माणूस मरायला टेकलेला आणि ही बाई त्याच्या मागचा जिना दाखवते. मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. संत तुकाराम नगरात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं. म्हणून तर हे नाव पडलं.

त्यांना स्टुडिओत बनलेले जुने काळेपांढरे सिनेमेच चालायचे. तळवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या म्हणायच्या, "अगं, स्टुडिओ म्हणजे कंपनीच. नटी पगारी, सुतार पगारी, पेटीवाला पगारी. सकाळी हजेरी लावायची. आज राणी व्हायचं, उद्या मोलकरीण, पगार तोच." जिनाही तोच. मागच्या सिनेमात राजवाड्यात, या सिनेमात अनाथाश्रमात. कठडा बदलला, भिंतीला दुसरा रंग मारला, की काम झालं. "कुणी रडत बसलं नाही. आहे तो एवढाच जिना म्हणाले, आणि त्याच्यावरून राजा उतरवला."

एकदा दिसायला लागलं की दिसतंच. बाईच्या तोंडावर गजांची सावली पाडली की तुरुंग वेगळा बांधावा लागत नाही, हे माझं मला कळलं. त्या सिनेमांत रडारड फार, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे, आजही म्हणते. पण एक रविवार चुकवला नाही.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही बायका जमायचो. जिनाबाईंच्या मुलाने त्यांना छोटा प्रोजेक्टर आणून दिला होता. 'समाप्त' येईपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा नियम. कुणी कुकरचं निमित्त काढलं की म्हणायच्या, "नवऱ्याला हात आहेत ना? करील बंद."

मग सेक्रेटरीने हॉल दर रविवारी वाढदिवसांना भाड्याने द्यायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरचाच मुलगा तो, बोलायला गोड.

"काकू, हे सगळे सिनेमे मोबाईलवर मिळतात. घरी आरामात बघा की."

"एकटीने घ्यायला ती काय बीपीची गोळी आहे?"

"तसं नाही काकू, पण हॉल आता मिळणार नाही."

"नको देऊ," जिनाबाई म्हणाल्या, आणि प्रोजेक्टर काखोटीला मारून निघाल्या. आम्हाला वाटलं, संपला आपला रविवार.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जिन्यात बोलावलं. जाळीवर चादर टांगून अंधार केलेला. आम्ही पायऱ्यांवर एकीच्या मागे एक बसलो, आणि समोर मधल्या टप्प्याच्या पिवळट भिंतीवर सिनेमा सुरू झाला. वर जाणाऱ्याला त्या टप्प्यावरूनच जावं लागे. ऐन गाण्यात सेक्रेटरी भाजीच्या पिशव्या घेऊन वर आला आणि नायिकेच्या अंगावर त्याची सावली पडली.

"एक तर बस, नाहीतर वर जा. राणीच्या पोटावर उभा राहू नकोस."

तो बसला. गाणं संपेपर्यंत बसला, हे मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर नोटीस लागली, जिन्यात बसू नये म्हणून. मी फाडायला गेले तर जिनाबाईंनी हात धरला. "राहू दे. आपण काय कागदाला भितो?"

पुढे त्यांच्या मुलाने चऱ्होलीला उंच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. जाताना त्यांनी प्रोजेक्टर माझ्या हातात ठेवला. "तिकडे लिफ्ट आहे. जिन्यात कुत्रंसुद्धा येत नाही. तू ठेव." वर्षभरात त्या तिथेच वारल्या. त्यांना लिफ्टमधून खाली आणलं. त्या काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही.

आम्ही अजून जिन्यातच बसतो. नोटीस जुनी झाली की सेक्रेटरी नवी लावतो, मोठ्या कागदावर. लावू दे. आमची भिंत पिवळट आहे, कागद पांढरा आहे. नायिकेचा चेहरा बरोबर त्या कागदावर येईल असा मी प्रोजेक्टर ठेवते. तिथे तो सगळ्यात स्वच्छ दिसतो.