धुरातला माल

कुणाच्याही घरी गेले की राघवराव आधी छत्रीच्या दांड्यानं छत ठोकून बघायचे. एकदा अण्णा नगरला एका घरी माणूस गेला होता म्हणून भेटायला गेलो, तर तिथंही टकटक. रडणारी माणसं वर बघायला लागली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "छत बरें नाहीं. पण आज कसें सांगायचें?"

त्यांचा छताचे बोर्ड करायचा कारखाना होता. कोळशाच्या वीजकेंद्रात चिमणीचा धूर चुनखडीच्या पाण्यानं धुतात. त्यातून जे ओलं, पांढरट जिप्सम उरतं, ते आणून आम्ही भट्टीत भाजायचो. मी लातूरकडून इथं तमिळ मुलखात नोकरीला आलेला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मीच, आणि हे मी मुलाखतीत कुणी न विचारता सांगितलं होतं. राघवराव तंजावरचे मराठी. हसून म्हणाले, "सरी, बरें, बीएस्सी! तुझी मराठी काल आली. आमची तीनशें वर्षें तमिळ उन्हांत भाजली आहे. माल तपासायचें तूं बघ."

"लोकांच्या छातींत जायचें, तें आपण छताला लावतों," हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "पाण्यानं फुगेल का?"

मग केंद्रानं धूर धुणं बंद केलं. आधी दुरुस्ती म्हणाले, पुढं काहीच म्हणेनात. राघवराव रिकामी लॉरी घेऊन रोज फाटकावर जायचे, मुलाच्या वयाच्या रखवालदारापुढं हात जोडायचे. कारखान्यात माणसं नुसती बसून असायची. मी म्हटलं, "खाणीतलं जिप्सम मागवू."

"राजस्थानांतून? भाडें काय तुझी डिग्री देईल?"

मला ते लागलं. त्यांनाही कळलं असावं. माझ्या पाठीवर धाकट्या भावाच्या ठेवावा तसा हात ठेवून त्यांनी चिमणीकडे बोट केलं. "तो पाहा, तंबी. माझा माल वर चालला."

शेवटी केंद्राच्या आवारातला उरलेला ढीग मिळाला. पावसात पडलेला, राख मिसळलेला. राघवरावांनी मी तपासायच्या आतच भट्टी पेटवायला लावली. सगळी माणसं आपापल्या जागी कामाला उभी राहिली. मी तपासलं. क्षार इतके, की बोर्डाच्या दोन्ही अंगांना चिकटवतात तो कागद धरणार नव्हता. पुन्हा तपासलं. तेच.

"शिकलेला आहेस. सरळ सांग."

"नाही चालणार, राघवराव."

"धुवून?"

"क्षार जातील. राख कशी जाईल?"

"चांगल्यांत थोडें थोडें मिसळून?"

"चांगलं आहे कुठं?"

ते भट्टीपाशी गेले. भट्टीवर मुरुगन होता. त्याच्याशी इतकी वर्षं तमिळच बोललेले राघवराव मराठीत म्हणाले, "विझव रे."

मुरुगनला कळेना. ते पुन्हा म्हणाले, "विझव." तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. राघवरावांना तमिळ सुचत नव्हतं.

माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मग मीच त्याला सांगितलं.