मांजराची दोरी

मांजर आमच्या घरी आलं त्या दिवशी त्याचं वजन तीन किलो चारशे ग्रॅम होतं. मी राईस मिलच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, फरक तो माल. मांजरही घरच्या काट्यावर तसंच मोजलं. आधी त्याला छातीशी धरून उभा राहिलो, मग एकटा. नवव्या दिवशी फरक दोन किलो आठशे आला. ते खात नव्हतं. मागच्या खोलीच्या खिडकीत बसून नाल्याच्या दिशेला तोंड करून ओरडायचं, आणि घसा बसला की नुसतं तोंड उघडायचं.

मांजर माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचं. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं, नाल्यापलीकडे सहा किलोमीटरवरच्या गावात एकटी राहायची. बायको तिला बाई म्हणायची. चैत्रात मोहफुलं वेचताना बाईला वाघानं नेलं.

मोह कसा वेचतात ते सांगायला हवं. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेली फुलं दिसतात. उजाडता उजाडता टोपली घेऊन जायचं आणि वाकून एकेक वेचायचं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. म्हणून बाया जोडीनं जातात. शेजारशेजारच्या झाडांखाली वेचतात, मधून मधून कंबर सरळ करून एकीनं "हूऽऽ" असा आवाज द्यायचा आणि दुसरीनं "ओऽऽ" द्यायचा. ओ आला नाही की टोपली तिथेच टाकून धावायचं.

बावीस वर्षं माझी बायको दर चैत्रात आठ दिवस बाईकडे जात होती. दोघींची दोन झाडं ठरलेली होती. यंदा मी तिला जाऊ दिलं नाही. एका आठवड्यात त्या गावाच्या शिवारात दोनदा वाघाचे पगमार्क दिसल्याचं मिलमध्ये आलेल्या ड्रायव्हरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, या वर्षी नाई. बाईलाही फोन करून सांगितलं. ती हसली. "जवाईबापू, मोह का माह्यासाठी थांबते का? तुमी तुमचे ट्रक मोजा."

त्या फोननंतर सहाव्या दिवशी बाई गेली. शेजारच्या झाडाखाली त्या दिवशी कोणी नव्हतं.

मांजर तिच्या मागे मागे मोहापर्यंत जायचं, ती त्यालाही त्याच आवाजानं हाक मारायची, असं गावातल्या बायांनी सांगितलं. त्या पहाटे ते तिथे होतं की नाही, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी ते तिच्या घराच्या छपरावर, कवेलूंवर बसलेलं सापडलं. तेरवी झाल्यावर बायकोनं ते पोत्यात घातलं, पोत्याचं तोंड बांधलं आणि माझ्या गाडीवर मागे बसून मांडीवर धरून आणलं. घरी आल्यावर तिनं फाटकाची कडी लावली आणि त्यानंतर ती फाटकाबाहेर पडली नाही. भाजीवाली दारात यायची. दळण मी न्यायचो. मी तिला अडवलं होतं याबद्दल ती मला काहीही म्हणाली नाही. मीही विषय काढला नाही.

पण मांजर मरायला लागलं तेव्हा ती बोलली. "ते बी गेलं ना, तं मंग पाहा," एवढंच.

सोडलं असतं तर ते सरळ त्या गावाकडे निघालं असतं. मधे नाला, झुडपी जंगल आणि मग मोठं जंगल. कोंडून ठेवलं तर खात नाही. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं. तिनं मांजराच्या अंगात घालायचा पट्टा आणि तीन मीटरची दोरी पाठवली. म्हणाली, "बाबा, त्याले ही जागा आपली वाटाले पाह्यजे. रोज थोडं थोडं बाहेर न्या. दोन बोटं जातीन एवढाच पट्टा सैल ठेवा. अन् ओढाचं नाई. ते जाईन तिकडं तुमी जा."

"बोटं माही का तुही?" मी विचारलं. फोनवर मुलगी पहिल्यांदा हसली. माझी बोटं जाड आहेत, म्हणून बायकोची बोटं घालून पाहिली.

तीन दिवस पट्टा नुसता त्याच्या वाटीशेजारी ठेवला. चौथ्या दिवशी अंगात घातला तर ते आडवं पडलं, मेल्यासारखं. पाच मिनिटं तसंच. दुसऱ्या दिवशी सात मिनिटं ठेवला, तेव्हा ते पोट जमिनीला घासत भिंतीपर्यंत गेलं. दहाव्या दिवशी ते दोरी ओढत खोलीभर फिरलं आणि वाटीतलं अर्धं दूध प्यालं. हे सगळं मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत होतो.

मग बाहेर. मुलीनं बजावलं होतं की त्याला उंबरा स्वतःहून ओलांडू द्यायचा नाही, उचलूनच न्यायचं, नाहीतर दार उघडं दिसलं की पळायची सवय लागते. अडचण वेळेची होती. आमचं घर पोंभुर्ण्याच्या कडेला, शेवटच्या रांगेत आहे. वैशाखात समोरचा सिमेंटचा रस्ता संध्याकाळी सव्वासहापर्यंत तापलेला असतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजता आले तर मांजराचे पंजे भाजत नाहीत, असा हिशोब मी लावला होता. सव्वासहाच्या आधी चार आकड्यांच्या वर जाता येत नव्हतं. आणि सात वाजता बिबट्याची वेळ सुरू होते. आमच्या रांगेतली दोन कुत्री दिवाळीपासून गेली आहेत. म्हणजे ऊन आणि बिबट्या यांच्यामध्ये पाऊण तास उरत होता. सकाळचा विचार मी केला नाही. बाई सकाळीच गेली होती.

पहिल्या दिवशी बारा पावलं. ते फाटकाजवळच्या दगडाला अंग घासून बसून राहिलं. दुसऱ्या दिवशी वीस. बायको फाटकाच्या आत उभी राहून पाहायची. मी परतलो की विचारायची, "आज किती?" मी आकडा सांगायचो. तिचं आणि माझं दिवसभरातलं बोलणं बहुतेक एवढंच होतं, म्हणून मी पावलं चुकू देत नव्हतो.

शेजारचे भाऊ बाजेवर बसून रोज काहीतरी म्हणायचे. "काय भाऊ, बिबट्याचा डबा घेऊन निघाले का?"

"फिरवून राह्यलो."

"मांजराले कोन फिरवते! उद्या कोंबडीले बी पट्टा बांधसान." मग घरात तोंड करून, "अवो, पाहा इकडं, मांजरानं भाऊले फिराले नेलं!"

मी चिडलो नाही, कारण ते खरंच होतं. दोरी माझ्या हातात असली तरी वाट मांजराची होती. ओढायचं नाही, ते जाईल तिकडे जायचं. अकराव्या दिवशी शंभर पावलं झाली, वजन तीन किलोवर आलं, आणि त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं की ते रोज एकाच बाजूला जातं. रांग संपते, पडीत शेत लागतं, पुढे नाला. त्या गावाची बाजू. मी त्याला ही जागा शिकवत नव्हतो. रोज दहा पावलं या मापानं मी त्याला घरी जायचा रस्ता दाखवत होतो. हे मी बायकोला सांगितलं नाही. ती आकडा ऐकून आत जाऊन भात टाकायची आणि मांजर तिच्या पायाशी बसून खायचं. दुसऱ्या दिशेला वळवायला गेलं की ते आडवं पडायचं. मला आकडा कमी करायचा नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी, एकशे ऐंशी पावलांवर, नाल्याकडून फटाके फुटले. दोन, मग एक.

बाहेरच्या माणसाला दिवाळी वाटेल. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच. वनरक्षकांना वाघ दिसला आहे आणि ते त्याला मागे हाकलत आहेत. अशा वेळी काय करायचं हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. जिथे असू तिथे उभं राहायचं, जोरजोरात टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायचं, म्हणजे माणसं आहेत हे त्याला कळतं. मी तेच केलं. दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. "हाऽऽ हाऽऽ" ओरडलो. मागे रांगेतूनही टाळ्या आल्या, कोणीतरी डबा वाजवला.

चौथ्या की पाचव्या टाळीला मला कळलं की माझे दोन्ही हात रिकामे आहेत.

दोरीचं टोक पडीत शेतातल्या गवतातून सरपटत गेलेलं मी पाहिलं. मग तेही दिसेना. नुसतं पळालं असतं तर एक वेळ ठीक. दोरी बांधलेलं मांजर झुडपात अडकतं, आणि अडकलेलं मांजर ओरडतं, आणि ते ओरडणं ऐकायला तिथे कोण कोण असतं हे मला माहीत होतं.

मी परत आलो. बायको फाटकात उभी होती. तिनं माझे हात पाहिले.

"दोरी कुठी हाये?"

"सुटली."

"कशी काय?"

"फटाके फुटले. टाळी वाजवली."

ती आणखी काही विचारणार नव्हती. तिनंही आतमध्ये टाळ्या वाजवल्या असणार. तिनं पदर खोचला, कडी काढली आणि माझ्या अंगावरून पुढे निघाली. साडेसहा वाजले होते.

"तिकडंच हाकलला हाये तो," मी म्हटलं. "उद्या सकाळी पाहू. मी जातो सकाळी."

ती थांबली, पण वळली नाही. "आता नोका अडवू मले."

शेजारचे भाऊ काठी आणि डबा घेऊन धावत आले होते. "भाऊ, वयनीले आवरा! जनावर हाये तिकडं!" मी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि तिच्या मागे गेलो. ते रांगेच्या टोकापर्यंत आले आणि तिथे उभे राहून डबा वाजवत राहिले.

पडीत शेत संपतं तिथे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची झुडपं आहेत, पुरुषभर उंच, आत वाट नाही. तिथे ती उभी राहिली. दोन महिन्यांत ती मोठ्यानं बोलली नव्हती. तिनं तोंडाशी हात धरले आणि आवाज दिला. "हूऽऽ." मी तो बावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. त्यांचा मोह वेचायला मी कधी गेलोच नव्हतो. गळा अगदी बाईसारखा होता. मग ती कान देऊन ऐकत राहिली. मी मनात वीसपर्यंत मोजलं. काही नाही. ती पंचवीस-तीस पावलं पुढे गेली, पुन्हा तसंच. मी काठी धरून मागे, दर वेळी वीसपर्यंत मोजत.

सहाव्या आवाजाला झुडपातून बसक्या घशाचा बारीक आवाज आला.

दोरी रायमुनियाच्या बुंध्याला तीन वेढे पडून गुंतली होती. मांजर जीभ बाहेर काढून धापा टाकत होतं, पट्ट्याखालचं कातडं सोललं होतं. मी काठीनं फांद्या दाबल्या, तिनं आत हात घालून ते ओढून काढलं. तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडले. मांजरानंही ओरबाडलं. तिनं पट्टा काढून तिथेच टाकला आणि मांजर पदरात गुंडाळलं. तो पट्टा मी नंतर आणला नाही.

"बाईनं आवाज देला असन," ती म्हणाली. "ओ कोन देते तिले?"

"मीच अडवलं होतं तुले."

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं होतं की हे कधीतरी बोललं गेलं की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. मी अडवलं नसतं तर दोघी गेल्या असत्या, की दोघी राहिल्या असत्या, हा हिशोब मी शंभर वेळा मांडला आहे. तो सुटत नाही.

मागून डब्याचा आवाज येत होता. उजेड कमी झाला होता, नाल्यापलीकडचं जंगल काळं दिसायला लागलं होतं. मी म्हटलं, चाल. ती हलली नाही. मांजर तिच्या पदरात होतं, शोधायचं काही उरलं नव्हतं, तरी जंगलाकडे तोंड करून तिनं आणखी एकदा आवाज दिला, आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब.

ओ द्यायला मी तोंड उघडलं होतं. पण तो आवाज माझ्यासाठी नव्हता, म्हणून मिटलं. घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. ती ऐकत उभी होती, आणि मी काठी घेऊन तिच्या मागे उभा राहिलो.