न ऐकू आलेला बार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ अजूनही रेटत नाही.

आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडचं. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती, आणि शिकारीवर बंदी अजून यायची होती. गावात बंदुका दोनच. एक माझी, वडिलांकडून आलेली लांब पल्ल्याची रायफल. दुसरी युसूफची बाराबोर. युसूफ म्हणजे आमचा मळाशेजारी. ॲक्शनच्या धामधुमीत त्याची भावकी गाव सोडून गेली. तो एकटा राहिला, तेही माझ्या वडिलांच्या शब्दावर. ‘आम्ही आहोत’ असं वडील त्याला म्हणाले होते. वडील आता नव्हते. मी होतो.

आमच्याकडे एक रीत होती. बार ऐकून, जनावर सोलायच्या आत जो पोचेल त्याला वाटा. त्यामुळे गावाचे कान तयार झालेले. बायका भाकरी थापता थापता सांगायच्या, हा बापूचा — म्हणजे माझा — बार, हा युसूफभाईचा. वडिलांना त्या गर्दीचं कौतुक असायचं. मला? माझ्या पोटात दुखायचं. काळवीट मी लोळवायचं, आणि हातात परात घेऊन अर्धं गाव हजर! देशमुखाचा मुलगा मी, घरात कशाला कमी नव्हतं — आणि मटणाच्या चार तुकड्यांवरून जळत होतो. एवढा कोता माणूस तुम्ही पाहिलाय?

म्हणून मी सायलेन्सर घ्यायचं ठरवलं. बेकायदा, हे वेगळं सांगायला नको. शहराच्या छावणीत लष्करातून निवृत्त झालेला एक जण होता, त्यानं फडक्यावर दोन नळ्या मांडल्या. एक आखूड आणि हलकी. रायफल हातात आधीसारखीच राहायची, पण बार लपायचा नाही, थोडा बोथट व्हायचा इतकंच. दुसरी लांब, जड. तिनं रायफलीचं तोंड खाली ओढलं जायचं. पण दूरच्या माणसाला आसूड कडाडल्यागत काहीतरी ऐकू आलं तर आलं. आसूड तर शिवारात दिवसभर कडाडतात. शहाण्या माणसानं आखूड घेतली असती. मी लांब घेतली. मला नेम नको होता, चोरी हवी होती.

देताना त्यानं बजावलं होतं, “साहब, इसका वजन है. पहले निशाना मिला लेना, गोली नीचे जाएगी.”

मी नेम जुळवून घेतला नाही. का? तर त्यासाठी माळावर उभं राहून पाच-सात बार काढावे लागले असते, कुणीतरी पाहिलं असतं, आणि नळीची बातमी गावभर झाली असती. लपवायला आणलेली वस्तू लपवूनच वापरायची, हे माझं डोकं!

त्या दिवशी दिवस कलला होता. युसूफच्या भुईमुगात डुकरं घुसली आणि त्यानं एक बार उडवला. मोठा, सगळ्या गावानं ऐकला. त्या आवाजानं एक काळवीट उधळून माझ्या टप्प्यात आलं. मी चाप ओढला. काळवीट निघून गेलं. आणि बांधापलीकडच्या बाभळीखालून बैलाचं हंबरणं आलं.

शेजारच्या मळ्यातल्या सदाशिवाचा बैल. मी लांबूनच पाहिला — पुढचे पाय दुमडून बसलेला, मान टेकत चाललेली. मी जवळ गेलो नाही. ओढ्यातून घरी आलो, नळी काढून धान्याच्या कणगीत खुपसली, आणि हातपाय धुऊन चहा मागितला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या संध्याकाळी गावानं एकच बार ऐकला होता. ओळखीचा होता. दिशाही तीच होती. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण माझी रायफल वाजलीच नव्हती ना! आणि खरी जखम इथं आहे — युसूफलासुद्धा तेच वाटलं. तो भांडला असता, नाकारलं असतं, तर कदाचित मी... नाही. तरीही मी बोललो नसतो. हे ‘कदाचित’ माझं मीच इतकी वर्षं पाळलंय.

तो चावडीवर सगळ्यांसमोर रडला. “म्या डुकरावर उडवला हो बापू. बैल दिसलाच नाय. अल्ला कसम, दिसलाच नाय.”

लोक चिडलेले होते. कुणीतरी जुनं, ॲक्शनच्या वेळचं उकरून काढायला लागलं. तेव्हा मी उठलो. तेवढं एक वाक्य पुरेसं होतं — ‘बार माझा होता.’ मी म्हणालो, चूक कुणाच्याही हातून होते, युसूफ आपला माणूस आहे, त्याला सांभाळून घ्या. केवढा मोठेपणा! लोकांनी माना डोलावल्या.

युसूफनं स्वतःच्या जोडीतला एक बैल सदाशिवाच्या दावणीला बांधला. बंदूक जमा केली. एका बैलावर शेती होत नाही. पुढच्या पेरणीला मळा दुसऱ्याच्या हाती गेला, आणि तो शहरात, शहागंजात मेहुण्याच्या दोरखंडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सुतळी मोजून द्यायला लागला. कधी त्या बाजूनं गेलो की उठून उभा राहायचा. दर ईदला त्याच्याकडून शिरखुर्मा यायचा. मी खायचो. चांगला असायचा.

नळी मी पहिल्याच पावसात विहिरीत टाकली. त्यानं काही झालं असं समजू नका.

युसूफ गेला तो बैल आपणच मारला असं मानून गेला. मागच्या वर्षी त्याच्या नातीचं लग्न झालं. युसूफचा मुलगा मला न्यायला घरी आला, हाताला धरून मांडवात नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. मग पाहुण्यांना एकेक करून बोलावून ओळख करून दिली — अब्बांवर सगळं गाव उलटलं होतं, तवा ह्ये एकटे उभे राहिले.

म्हातारी माणसं वाकून माझा हात हातात घेत होती. मी प्रत्येकाला हात दिला.