रडायची बोली

आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. दुःख झालं नाही असं नाही; ते कुठेतरी होतं, पण हाताला लागत नव्हतं. फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्यावर तिला नेलं. पुरुषमंडळी तिला घेऊन निघाली आणि अंगणात बायका उरल्या. मी त्यांच्यात जाऊन बसले.

आम्हा बंजाऱ्यांत बाया नुसत्या रडत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर धरून, शब्द जोडत रडतात. गेलेलीला हाक मारायची, तिने कुणाला काय खाऊ घातलं ते सांगायचं, मला टाकून कुठे निघालीस म्हणून जाब विचारायचा. हे कुणी शिकवत नाही. आमची गोरबोली तोंडात असली की आपोआप येतं म्हणतात.

माझ्या तोंडात ती नव्हती. वडील यवतमाळला कचेरीत लागले, आम्ही तिथल्या कॉलनीत वाढलो आणि घरात मराठीच बोलायचं असं त्यांचं फर्मान होतं. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणायच्या, "पोरगी तांड्यावरची वाटत नाही हो." आई हसून त्यांच्यापुढे पोहे ठेवायची. कणीक मळताना मात्र ती स्वतःशी गोरबोलीत पुटपुटायची. मला सगळं कळायचं, बोलायला गेले की जीभ जड व्हायची. शाळेत मी तांड्यावरची आणि तांड्यावर शहरातली. पुढेपुढे त्याचा रागही येईनासा झाला.

धाकट्या मावशीने कधी तक्रार केली नाही. ती माझ्याशी गोरबोलीत बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायचे, मध्ये आई बसलेली असायची. आमचं छान चालायचं.

त्या दिवशी मावशीने माझ्या गळ्यात हात टाकला आणि सूर धरला. बहिणीला हाका मारून झाल्यावर ती थांबली. आता लेकीची पाळी. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आई," मी म्हणाले. स्वयंपाकघरात हाक मारावी तसं, कोरडं. तेवढंच.

रडणं एकदम थांबलं. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, "ई कोर छ क?" आमची माणसं ती गोर, बाकी सगळे कोर. माझ्याच आईच्या अंगणात ही परकी कोण, असं ती विचारत होती. मला लागायला हवं होतं. मी तिच्या हातातल्या बांगड्या बघत राहिले.

मग मावशीने मला आणखी जवळ ओढलं आणि पुन्हा सूर लावला. या वेळी ती बहिणीला हाक मारत नव्हती. "मार याडी," म्हणत होती, माझी आई. माझ्या वाटचं तीच रडली. तुझी बोली कुणाजवळ ठेवून गेलीस, असंही तिने विचारलं. मला शब्द न् शब्द कळला.

शेजारच्या घरून चहाची केटली आली. मावशीने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली.

"चाय घेता का तुमी?"

पाहुण्यांना विचारतात तसं. मी हो म्हटलं.