मी ‘स्मूथ’ लिहिलेला तलाव

मिलच्या वकिलाने माझाच रिपोर्ट मला वाचायला लावला. तहसीलदार मॅडम समोर, बाजूला मच्छीमार सोसायटीचे पतिरामभाऊ, आणि मी पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंता, नोकरी पंचवीस वर्षांची.

“वॉटर सरफेस, स्मूथ,” मी वाचलं.

“पुढच्या महिन्यात?”

“स्मूथ.”

“मग मॅडम, मासे मिलच्या पाण्याने मेले कसे? सरकारी इंजिनिअर तर पाणी चांगलं म्हणतो.”

करडीकडच्या एका गावचा तलाव. हंगामात जवळच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या, मिलमध्ये धान वाफवतात, त्याचं पाणी नाल्यातून तलावात येत होतं. पतिरामभाऊंच्या सोसायटीचं वर्षभराचं मत्स्यबीज उलटं होऊन काठाला लागलं. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या चाळीस घरांची चूल त्या तलावावर. मिल दोषी ठरली तर नाला बंद होणार, नाहीतर पुढच्या वर्षीही तेच.

बाहेर आल्यावर पतिरामभाऊंनी मला थांबवलं.

“साहेब, तुमी आले तवा पान्यावर साबनावानी फेस होता. तुमचा बूट भरला त्यात. मीच गवत देलं पुसाले.”

“हो.”

“मंग कागदावर असं कायले लिवलं? मिलवाल्यानं काई देलं का?”

राग आला. पण खरं कारण लाच घेण्यापेक्षाही फालतू होतं, म्हणून तसाच निघालो.

कारण असं. तलावाची तपासणी आता मोबाइलवर भरतात. गेजचा, म्हणजे पाण्याची उंची मोजायच्या आकडे लिहिलेल्या पट्टीचा, फोटो टाकायचा. मग पाण्याचा पृष्ठभाग कसा, ते इंग्रजी यादीतून निवडायचं. पहिला शब्द स्मूथ, म्हणजे गुळगुळीत. तो दाबला की फॉर्म संपतो. दुसरं काही दाबलं की नवीन पान उघडतं. फोम, स्कम, शीन, फिल्म, आणि प्रत्येकाचे पोटप्रकार. एकही रकाना रिकामा चालत नाही. फोम म्हणजे फेस, एवढं मला कळत होतं. बाकीच्यांपुढे डिप्लोमा हात टेकत होता. सोबतच्या ज्युनिअरला विचारायचं तर साहेबपणा आडवा येई. म्हणून मी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, उतरून, टपरीवर चहा मागवून, स्मूथ दाबत असे.

त्या संध्याकाळी यादी मुलीपुढे ठेवली. ती बी.एस्सी.ला आहे.

“स्कम म्हणजे पाण्यावर साचलेली घाणीची साय, बाबा. शीन म्हणजे तेलकट चमक. फिल्म म्हणजे पातळ थर.”

दोन मिनिटं लागली तिला. आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. “घरात विचाराले काय झालं होतं तुमाले?”

बायकोपोरींना वाटावं की आपला माणूस ऑफिसात इंग्रजीत कारभार करतो, हे झालं होतं.  

मग मीच टाकलेले फोटो पुन्हा उघडले. पट्टीचे आकडे ठळक, आणि खाली दोन आकडे झाकेल एवढा पिवळा फेस. दोन्ही महिन्यांत. हे फोटो उपअभियंत्यांनी मंजूर केले होते, त्यांच्या वरच्या कार्यालयानेही. कोणी उघडून पाहिले नव्हते. पाहायचं पहिलं काम माझं, आणि मी तर तिथे बुटासकट उभा होतो.

सकाळी उपअभियंता साहेबांना सांगितलं की मी मॅडमकडे लेखी देणार.

“काय देणार?”

“रिपोर्ट चुकीचा आहे म्हणून.”

“त्यावर माझं अप्रूव्हल आहे ना. मंजूर झालेला रिपोर्ट चुकीचा कसा असेल?”

“फोटोत फेस दिसतो साहेब.”

“फोटो गेजसाठी असतो. फेसासाठी नाही. काहून उकरून राहिले तुमी? रिटायर व्हा आरामात.”

आजवर मी साहेबांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. शिपाई मात्र पाण्याचा ग्लास घेऊन आत आला आणि तसाच मागे गेला.

पुढच्या तारखेला मी लिहून दिलं. पाण्यावर फेस होता, साय होती, तेलकट चमकही होती. शब्दांचे अर्थ माहीत नसल्याने आणि विचारायचे कष्ट न घेतल्याने स्मूथ लिहिलं. सोबत दोन्ही फोटो. मॅडमनी ते दोनदा वाचलं. वकिलाने मला विचारलं, “म्हणजे तुम्हाला इंग्रजी येत नाही?”

“एवढं नाही येत,” मी म्हणालो. पाठीमागे कोणीतरी हसलं. पतिरामभाऊ हसले नाहीत.

मिल दोषी ठरली, तिचा नाला बुजवला गेला. मेलेलं बीज काही परत आलं नाही. त्या वर्षी सोसायटीतली बरीच मंडळी नागपूरला बांधकामावर गेली. मला कारणे दाखवा नोटीस आली, चुकीची माहिती भरल्याबद्दल. साहेबांना आली नाही. त्यांनी फक्त मंजुरी दिली होती.

ॲपमध्ये अजून तीच यादी आहे, त्याच क्रमाने. नव्याने लागलेल्या पोरांना मी एवढंच सांगतो: फॉर्म चहा पिताना भरू नका, पाण्याजवळ उभं राहून भरा. बूट खराब होतो, होऊ द्या.