शेवट बदलू नका

हॅम्बर्गमध्ये नोकरी सांभाळून मी एक लघुपट करायला घेतला होता. मुलाकडे राहायला आलेली एक म्हातारी शेवटी एकटीच आपल्या गावी परत जाते, एवढीच गोष्ट. पैशांसाठी ऑनलाइन क्राउडफंडिंगचं पान उघडलं. ओळखीच्यांनी थोडे थोडे दिले, मग सगळं थंडावलं. मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही, तर आलेले पैसेही ज्याचे त्याला परत जाणार होते.

अशात एका सकाळी उरलेली सगळी रक्कम एकदम जमा झालेली दिसली. देणाऱ्याचं नाव नव्हतं. खाली मराठीत लिहिलं होतं, ‘म्हातारीला परत जाऊ द्या. शेवट बदलू नका.’

आनंद व्हायच्या आधी मी ती ओळ पुन्हा वाचली. शेवट बदलायचं माझ्या मनात होतं, हे दोघांनाच माहीत होतं : कॅमेरा करणारा मित्र आणि माझा नवरा. मित्रच तर ‘बदल’ म्हणून मागे लागला होता. म्हणजे राहिला नवरा.

‘कोण देणार आहे तुला?’ असं म्हणणारा हा माणूस गुपचूप पैसे भरतो? कीव आली असेल, नाहीतर हे खूळ एकदाचं संपावं म्हणून. मी त्याच्यावर लक्ष ठेवू लागले. तो फोन पालथा ठेवतो, मी आले की लॅपटॉप मिटतो, असं काय काय मला दिसायला लागलं. शेवटी जेवताना विचारलंच.

“तूच भरलेस ना?”

“आल्झो,” तो त्याच्या जर्मन सवयीने म्हणाला, “भरले असते तर सांगितलं नसतं का?”

“नसतंस सांगितलं.”

तो पानावरून उठला. पुढे आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना आणलं होतं आणि कायमचं इथे ठेवून घ्यायला आउसलेंडरबेहोर्डंच्या, म्हणजे परदेशी लोकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीच्या, खेपा घालत होता. एका दुपारी मेथी निवडताना त्या म्हणाल्या, “त्याच्यावर संशय घेऊ नकोस. पैसे माझे आहेत. पुण्याच्या भाचीला भरायला सांगितले.”

“अहो आई, पण शेवटाचं तुम्हाला कसं कळलं?”

“स्वयंपाकघरातलं बोलणं माझ्या खोलीत ऐकू येतं.”

तरी माझ्या मनात आलंच, की यांना नवऱ्याने तर पढवलं नसेल? मी विचारलं, “मग नाव का नाही घातलंत?”

“घातलं असतं, तर मी माझंच सांगतेय हे कळलं असतं.” त्या खाली बघून देठं खुडत राहिल्या. “तो एवढी धावपळ करतोय. तोंडावर कसं सांगू?”

संध्याकाळी मात्र त्यांनीच त्याला सांगितलं. त्याने हातातले अर्जाचे कागद टेबलावर ठेवले.

“आमचं काही चुकलं का?”

“नाही रे. पण इथे दार उघडून बाहेर पडले, तर जायचं कुणाकडे?”

त्याने अर्ज मागे घेतला. आम्ही दोघं त्यांना विमानतळावर सोडून आलो.

लघुपट पुरा झाला, शेवट तोच राहिला. सासूबाईंनी तो पुण्यात भाचीकडे पाहिला आणि मला फोन केला.

“चांगला झालाय. पण ती जाताना एवढी रडते कशाला?”